इंजेक्शन कोणत्या डोळ्यात?

आमचे हे नाकासमोर चालणारे. नवरा नाकासमोर चालतो म्हटलं की लोकांना कौतुक वाटतं. त्याच्या मागून चालणाऱ्या बायकोला कोणी विचारत नाही. वाटेत खड्डा आला तर बाकीची माणसं वळसा घालतात. हे थांबून खड्ड्याची चौकशी करतात, किती खोल, कोणी खणला, कोणाला विचारून खणला. तोवर मी पलीकडे जाऊन, भाजी घेऊन परतही आलेली असते.

हॉस्पिटलच्या तळघरात बिलांचं खातं आहे, तिथे हे नोकरीला. डॉक्टरांनी रोग्याला जे जे केलं त्या प्रत्येक गोष्टीला एक ठरलेला कोड असतो, थोडी अक्षरं, थोडे आकडे. तो बरोबर कोड शोधायचा आणि विमा कंपनीला पाठवायचा, की कंपनी खर्च मंजूर करते. कोड चुकला की नाही म्हणते. तिला तेवढं निमित्तच हवं असतं.

त्यातही इंजेक्शनं हा ह्यांचा खास प्रांत. तुम्हाआम्हाला वाटतं, एक सुई, एक कोड, संपलं. छे! टोचण्याचा कोड वेगळा आणि औषधाचा वेगळा. औषधाच्या कोडाला पुन्हा माप असतं, एखाद्याला मिलिग्रॅममागे एक, एखाद्याला दहा मिलिग्रॅममागे एक. बाटलीत चार मिलिग्रॅम होतं आणि टोचलं दोन, तर उरलेल्या दोनाचं काय केलं तेही सांगावं लागतं. दंडात टोचलं, शिरेत टोचलं की आणखी कुठे. डोळ्यात असेल तर कोणत्या डोळ्यात. नवीन माणूस 'इंजेक्शन एकच दिलं ना' म्हणून औषधापुढे एक लिहून मोकळा होतो, आणि चाळीस मिलिग्रॅमचा डोस कंपनीच्या दृष्टीने एक मिलिग्रॅम ठरतो. असं काही सापडलं की त्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नाही.

बरं, ही खोड ऑफिसात ठेवून यावी की नाही? एकदा मला ताप भरला होता. मी ह्यांना फोन करून म्हटलं, येताना तापासर्दीवर काहीतरी घेऊन या. हे उशिरा आले, आणि रिकाम्या हाताने आले. का, तर 'काहीतरी' या नावाचं औषध दुकानात नव्हतं. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ताप आपोआप उतरला. बहुतेक संतापाला घाबरून.

ह्यांच्या सगळ्या याद्यांच्या तळाशी एक 'इतर' असतं. त्या शब्दाचा ह्यांना भयंकर राग. इतर म्हणजे आळशी माणसाची उशी, असं म्हणतात. नीट शोधलं तर प्रत्येक गोष्टीला आपली जागा सापडते, न शोधणारा इतरमध्ये ढकलतो. स्वयंपाकघरात माझा एक डबा होता, त्यावर मी हौसेने 'इतर' अशी चिठ्ठी चिकटवली होती. रबरबँड, सुटी बटणं, अर्धी मेणबत्ती, कुलूप हरवलेली किल्ली, सगळं त्यात. एका सुट्टीच्या दिवशी ह्यांनी तो डबा टेबलावर पालथा केला आणि एकेका वस्तूला तिच्या जागी नेऊन ठेवलं. तेव्हापासून त्यातली एकही वस्तू मला सापडलेली नाही.

आता सासूबाई. त्या आमच्याजवळच असतात. जिभेला धार आहे, आणि ती धार लावायला त्यांना मी मिळाले आहे. मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. आमचं भांडण हे जेवणासारखं, वेळच्या वेळी होतं आणि पचतं. तर एक दिवस त्या म्हणू लागल्या की स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकलीय. मी म्हटलं सरळ आहे. त्या म्हणाल्या, तुला तर सगळंच सरळ वाटतं, पोळपाटावरच्या तुझ्या वाकड्या पोळ्या सुद्धा. शेवटी सुतार बोलावला. त्याने ओळंबा सोडून दाखवला, चौकट सुतासारखी सरळ. सासूबाई म्हणाल्या, त्याचा ओळंबाच वाकडा आहे. दुसरा सुतार आला. त्याने चौकटीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, बाई, आजींना डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या. त्याने मजुरी मागितली नाही, नुसता चहा घेऊन गेला.

डॉक्टरबाई ह्यांच्याच हॉस्पिटलातल्या. त्यांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आहे, दोन्ही डोळ्यांच्या. आधी सरळ रेघा वाकड्या दिसतात, मग मधोमध डाग येतो. कडेचं दिसत राहतं; ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच जातं. उपाय एकच, डोळ्यात इंजेक्शन, आणि तेही दर महिन्याला. दोन्ही डोळे एकदम नकोत म्हणून आधी उजवा, दोन आठवड्यांनी डावा, पुन्हा उजवा, असं चालवायचं. सासूबाई म्हणाल्या, सून डोळ्यात बोट घालते तेवढं पुरे होतं, आता तुम्ही सुई घाला. पण घालून घेतली. खुर्चीचे हात घट्ट धरले आणि हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर मात्र रस्ताभर मला बोलल्या.

गुण आला. सुताराविना चौकट सरळ व्हायला लागली. डॉक्टरबाईंनी आडव्याउभ्या रेघांच्या चौकटींचा एक कागद दिला होता, तो मी फ्रिजच्या दाराला चिकटवला. सासूबाई रोज सकाळी त्याच्यासमोर उभ्या राहायच्या, एकेक डोळा झाकायच्या आणि मोठ्याने बातमी द्यायच्या, डावा ठीक, उजवा खालच्या अंगाला जरासा वाकडा. हे बुटाच्या नाड्या बांधता बांधता मान डोलवायचे. जरासा म्हणजे किती, हे आईला कधी विचारलं नाही हां! तो प्रश्न बायकोसाठी राखीव.

इंजेक्शननंतर काही दिवस डोळ्यात थेंब घालायचे असत. ते काम ह्यांनी मला करू दिलं नाही. संध्याकाळी घरी आले की हात धुवायचे, खिडकीशी खुर्ची ओढायचे, आईला बसवायचे. आई मान वर करायची. हे समोर उभे राहायचे, जीभ दातांत धरून, एका हाताने पापणी ओढून, दुसऱ्या हाताने थेंब सोडायचे. थेंब पडला की दोघंही एकदम श्वास सोडायची. मला ते बघायला आवडायचं. तसं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी हे लालबुंद होऊन घरी आले. विमा कंपनीने सासूबाईंचं मागचं इंजेक्शन नामंजूर केलं होतं. कंपनीचं म्हणणं असं, की उजव्या डोळ्यात इंजेक्शन दिलंत, आणि दोनच आठवड्यांत पुन्हा उजव्यातच दिलंत; एका डोळ्याला इतक्या लवकर चालत नाही. आधी खुलासा करा, तोवर पुढची इंजेक्शनं बंद. औषध असं महागाचं की मंजुरीशिवाय हॉस्पिटल बाटलीचं बूचही उघडत नाही. आणि पुढची पाळी उजव्या डोळ्याची होती, जो आधीच दोघांतला कच्चा. खरं तर दुसऱ्या वेळी डाव्यातच टोचलं होतं, डॉक्टरबाईंनी तसं स्वच्छ लिहिलंही होतं. पण कोणा शहाण्याने कोड भरताना डाव्याचा उजवा केला होता.

त्या दिवशी ह्यांनी जे व्याख्यान दिलं ते मी कधी विसरणार नाही. मी विचारलं, आता इंजेक्शनचं काय? हे म्हणाले, आधी चूक कोणाची ते शोधू दे. मी म्हटलं, कोणाची का असेना, आधी डोळा बघा. पालथ्या घड्यावर पाणी. ह्यांनी घरी बसल्या बसल्या खात्यातल्या एकेकाला आरोपी म्हणून उभं केलं. ऑफिसात ह्यांच्या समोरच्या टेबलावर एक जांभया देणारा गृहस्थ आहे, त्याच्यावर दाट संशय होता. ज्याला स्वतःचा डावा-उजवा हात कळत नाही, त्याला माणसांच्या डोळ्यांचं काम देतातच कसे, असं म्हणून ह्यांनी टेबलावर हात आपटला.

"आईने शिकवलं नसेल काही," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हे घरी आले. बूट काढले. हात धुतले. खिडकीशी खुर्ची ओढली आणि आईला बसायला सांगितलं. मी म्हटलं, थेंब तर कधीच संपले. हे आईसमोर उभे राहिले आणि आपला उजवा हात वर केला. मग आईच्या मागे जाऊन उभे राहिले आणि पुन्हा उजवा हात वर केला. पुन्हा समोर आले. पुन्हा मागे गेले. सासूबाईंना वाटलं व्यायाम आहे, त्यांनीही बसल्या बसल्या हात वर केला. मी कणकेच्या हातानिशी दारात उभी. माणसाला वेड लागतं ते असंच लागत असावं, घरातल्या खुर्चीपासून सुरुवात होत असावी, असं माझ्या मनात येतंय तोच हे फरशीवर बसले.

"मीच," म्हणाले.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. त्या दिवशी ऑफिसात नोंद उघडली, तर भरणाऱ्याच्या जागी ह्यांचंच नाव; रोजच्या ढीगभर बिलांत हे ते भरल्याचं विसरूनच गेले होते. आपल्या माणसाचं बिल आपण करायचं नाही, असा त्यांच्या खात्यात नियम आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणारे हेच. पण आईचं नाव समोर आलं, पलीकडे तो जांभया देणारा बसलेला, आणि ह्यांच्या मनाने घेतलं की आईचा डोळा त्याच्या हाती द्यायचा नाही. औषधाचा कोड लावला, बरोबर. माप लावलं, बरोबर. टाकून दिलेलं औषध लिहिलं, बरोबर. राहिला डोळा. एरवी हे डॉक्टरांचं लिहिलेलं वाचल्याशिवाय एक अक्षर भरत नाहीत. जे लिहिलेलं नाही ते घडलंच नाही, हा ह्यांचा मंत्र. त्या दिवशी मात्र वाचलं नाही. वाचायचं कशाला? रोज संध्याकाळी थेंब घालणारे हेच. डोळे मिटले, समोर आईचा चेहरा आला, लाल झालेला डोळा ह्यांच्या उजव्या हाताला होता. उजवा, म्हणून लिहून टाकलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

मला हसू यायला लागलं. आदल्या दिवशीचं 'आईने शिकवलं नसेल'ही आठवलं आणि ते जास्तच यायला लागलं. मी स्वयंपाकघरात पळाले. तिथे ओट्यापाशी उभी राहून हसले, आणि हसता हसता वाईट वाटलं. जन्मात एकदा हा माणूस न वाचता, न विचारता, नुसत्या मायेने काम करायला गेला, आणि नेमका तिथेच आपटला.

सासूबाई तोवर हिशेब लावून मोकळ्या झाल्या होत्या. समोरच्याचं डावं आपल्याला उजवं दिसतं, हे तू शाळेत असताना मी तुला चांगलं शिकवलं होतं, एवढं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि विषय संपवला.

चूक सापडली म्हणजे काम झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. दुरुस्ती पाठवायची तर चूक का झाली, याचं कारण द्यावं लागतं, आणि कारणांचीही यादी असते. तारीख चुकली, रोगी चुकला, तेच बिल दोनदा गेलं, टायपिंगची चूक, वगैरे. ह्यांच्या वरच्या मॅडम शहाण्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, टायपिंगची चूक लिहा आणि पाठवून द्या, इथे सगळे तेच लिहितात. हे घरी येऊन मला अशा आवाजात सांगू लागले, की बाईंनी ह्यांना दरोड्याला चला म्हटलं असावं. टायपिंगची चूक नव्हती ती! बोटांनी काहीही चुकवलं नाही, डोक्याने सांगितलं तेच बोटांनी केलं. मग बोटांवर आळ का घ्यायचा? सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही.

झालं. हे रोज ऑफिसात जाऊन आपल्या चुकीचा बरोबर कोड शोधू लागले. सापडेना म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्राचा मसुदा घरी आणून वाचून दाखवायचे. त्यात खिडकी यायची, खुर्ची कोणत्या दिशेला होती ते यायचं, उजेड कुठून येत होता ते यायचं. मी ओरडले, चिडले, एक दिवस अबोला धरला; तो ह्यांच्या लक्षातच आला नाही. उजव्या डोळ्याची पाळी आली आणि टळून गेली. सासूबाई लेकाच्या बाजूने. माझा मुलगा खोटं लिहिणार नाही, म्हणायच्या, आणि माझ्याकडे बघायच्या, जसं काही मीच ह्यांना खोटं शिकवत होते. शिकवत होतेच म्हणा.

आणि मग ती सकाळ आली. आदल्या दिवशी मी फ्रिज पुसायला काढला होता. चौकटींचा तो कागद सोडवून टेबलावर ठेवला, आणि नंतर लावायचा राहून गेला. सासूबाई सवयीने आल्या. चालता चालताच डावा डोळा झाकलेला. फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. पांढरं कोरं दार, त्यावर काहीही नाही.

"सगळ्या रेघा सरळ आहेत," त्या म्हणाल्या.

हे दाराशी बूट घालत होते. ते ऐकून खुलले. बघ, मी सांगत नव्हतो, एवढी काही घाई नाही, असं मला म्हणाले आणि गेले. सासूबाई तिथेच उभ्या, डावा डोळा अजून झाकलेला, त्या कोऱ्या दाराकडे बघत. मी त्यांना खाली बसवलं, चहाचा कप हातात दिला, आणि पायात चपला अडकवून निघाले.

ह्यांच्या ऑफिसात मी त्याआधी कधी गेले नव्हते. लिफ्टपर्यंत हॉस्पिटल असतं, माणसं कण्हतात, फुलं घेऊन येतात. तळघरात उतरलं की नुसते कॉम्प्युटरचे पडदे आणि त्यांच्यापुढे वाकलेल्या माना. छताला पाण्याचे जाड पाइप, खिडकी एकही नाही. एका कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, आणि त्यालाही कोणीतरी पाणी घालत असावं, कारण खाली ओल होती. जांभया देणारा मी ओळखला. त्याच्यासमोर हे बसले होते, तोच मसुदा पुढे घेऊन, पेन्सिलने एक शब्द खोडत. मला बघून घाबरले. घरी काही झालं का, म्हणाले.

"कागद फ्रिजवर नव्हताच," मी म्हणाले. "माझ्याकडे आहे. टेबलावर पडला होता."

ह्यांना कळेना. कोणता कागद, म्हणाले. आणि मग कळलं. पेन्सिल हातातून खाली ठेवली. एवढा गोरामोरा झालेला माझा नवरा मी कधी पाहिला नव्हता, आणि तेवढ्यापुरता माझा सगळा राग गेला. मी फोन उचलून ह्यांच्या पुढे धरला.

कंपनीत लवकर कोणी उचलत नाही. आधी वाद्यं वाजली. मग एक बाई आली, सर्दी झालेली. ह्यांनी आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि 'सदर प्रकरणी' असं म्हणून सुरुवात केली. बाईने मध्येच विचारलं, कारण कोणतं टाकू? हे म्हणाले, यादीतलं एकही लागू होत नाही. तिने यादी वाचली. हे प्रत्येक कारणाला नाही म्हणत गेले, आणि वर प्रत्येकाला का नाही तेही सांगत गेले. तारीख का नाही. रोगी का नाही. टायपिंगपाशी आल्यावर बाई थकून म्हणाली, मग हेच टाकते? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान होकारार्थी हलायला लागली होती. आईसाठी हा माणूस आता खोटंही लिहायला तयार झाला होता, आणि ते माझ्याने बघवेना. इतके दिवस तेच करा म्हणून मी ह्यांच्या मागे लागले होते, हे मला ठाऊक आहे. पण नाही बघवलं.

मी फोन ओढून घेतला आणि एका दमात सगळं सांगितलं. खिडकी, खुर्ची, थेंब, जीभ दातांत धरलेली, आईचा डावा ह्यांच्या उजव्या हाताला. तळघरातल्या सगळ्या माना वर झाल्या. पलीकडे खुर्ची करकरली, आणि ती बाई स्वतःशीच पुटपुटताना ऐकू आली, डावा, उजवा, डावा. तीही तिकडे हात वर करून बघत असणार.

"मी वडिलांना घालते थेंब," ती म्हणाली. "मीही समोरच उभी राहते."

मग नाक पुसून तिने कामाचं सांगितलं. यादीच्या तळाशी 'इतर' आहे, ते निवडा. त्याच्यापुढे एका ओळीची जागा मिळते, तिथे खरं काय ते लिहा. डॉक्टरांचं टिपण जोडा. आज आलं तर मी आजच पुढे सरकवते.

इतर! मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कडू औषध गिळताना मुलं करतात तसं तोंड झालं होतं. पण बोट उचललं, इतरवर ठेवलं आणि दाबलं. पुढे रिकामी ओळ उघडली. पानंच्या पानं मसुदे लिहिणारा माणूस तिच्यापुढे बसून राहिला. मग टाइप केलं: मी रोग्याचा मुलगा. औषध घालताना आईच्या समोर उभा होतो. बस, एवढंच. खिडकी नाही, उजेड नाही. मागे येऊन उभ्या राहिलेल्या मॅडमनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, आपल्या माणसाचं बिल केल्याबद्दल उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी बोलल्या आणि ह्यांच्याकडून इंजेक्शनं काढून घेतली. सध्या हे मोडक्या हातापायांचे कोड करतात. तिथेही डावं-उजवं असतंच, पण निदान तिथे आमचं कोणी नाही.

मंजुरी आली. उजव्या डोळ्यात इंजेक्शन झालं. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, उशीर झालाय, किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. ह्यांनी ते ऐकलं आणि 'किती म्हणजे' असं काही विचारलं नाही. या खेपेला डोळा चांगलाच लाल झाला, त्यामुळे थेंबही बरेच दिवस घालायचे होते. पण हे बाटलीला हात लावायला तयार नाहीत. ते काम माझ्याकडे आलं. मी शहाणपणा करून मागे उभी राहायची, म्हणजे त्यांचा उजवा तो माझाही उजवा. सासूबाई मान मागे टाकायच्या, मी थेंब सोडायची, झालं. फ्रिजवरचा कागद मी पुन्हा लावला होता, पण सकाळची बातमी बंद झाली होती. त्या सांगत नव्हत्या आणि विचारायची आमची हिंमत नव्हती. घरात भांडणही होईना. मी मुद्दाम काही बोलले तरी त्या हूं म्हणायच्या. मला खरंच भीती वाटायला लागली.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी मी बाटली घेऊन खुर्चीमागे गेले, तर त्या म्हणाल्या, समोर ये. मी म्हटलं, मागूनच बरं पडतं, चुकत नाही. त्या म्हणाल्या, येतेस का.

मी समोर आले. त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उजव्याने माझ्याकडे बघू लागल्या. अगदी जवळून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. हे दाराशी उभे होते, ते तिथेच थांबले. आता काय काढतायत माझ्यातलं, म्हणून मी तयारीत राहिले.

"तुझे केस किती पांढरे झालेत गं," त्या म्हणाल्या. "कधी झाले?"

"तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हा झाले, आई."

त्यांनी हात पुढे करून माझ्या कपाळावर आलेली बट मागे सारली, आणि बोटं तिथेच राहू दिली. इतक्या वर्षांत त्यांनी मला असा हात लावला नव्हता. मला रडू फुटलं. बाटली हलली, थेंब डोळा सोडून त्यांच्या गालावर पडला आणि ओघळून हनुवटीपर्यंत गेला.

"एवढं महागाचं औषध," सासूबाई म्हणाल्या, "आणि ही माझ्या गालाला पाजतेय. धड घाल की."

आणि त्यांनी स्वतःच पापणी खाली ओढून धरली.